आवक

जिल्हा परिषदेत जिन्याखालच्या खोलीत मी बसतो.
आवक-जावक.
कागद येतो, शिक्का मारतो, आकडा घालतो,
कागद वर जातो.
वर काय होतं ते मला विचारू नका.

त्या दिवशी बुधवार. बुधवारी शाळेत अंडं असायचं,
म्हणजे जूनपर्यंत असायचं.
मग परिपत्रक निघालं, जावक क्रमांक चार हजार चारशे अठरा,
वित्तीय शिस्तीच्या अनुषंगाने
सदर बाब वगळण्यात येत आहे.
सदर बाब.
मी वाचलंही नव्हतं. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र वाचत बसलो
तर कळंब्याची बस चुकते.

बायका आल्या गगनबावड्याच्या पहिल्या एसटीनं,
काही आजऱ्याहून, काही चंदगडहून मुक्कामाला येऊन,
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या,
चार महिने मानधन नसलेल्या.
दाभोळकर कॉर्नरवरून चालत.
घोषणा थोड्या, त्याही कुणाची पुढं कुणाची मागं.
झेंडा नाही.
प्रत्येकीच्या हातात, रुमालात, भुश्शाच्या डब्यात
एकेक अंडं.

फाटकावरचा पोलीस म्हणाला, फेकणार काय?
"फेकायला? सात रुपयाला एक हाय, दादा."

पुढं मालन नाईकवडी.
"निवेदन लिवलं न्हाई. ह्येच निवेदन.
घ्या, आन् पोच द्या."

मावशी, अंड्याची पोच देता येत नाही.

"का वं? पोराच्या ताटातनं काढताना
कागद चालला की तुमचा.
आमच्यात एक हाय, तिसरीला.
निम्मं खायचा, निम्मं चड्डीच्या खिशात, धाकटीला.
आता बुधवारी मोकळा खिसा उलटा करून दावतोय मला.
मी काय दावू त्याला? सांगा की."

मी शिक्का उचलला.

अंड्यावर शिक्का नीट उठत नाही.
तारीख येते, कार्यालयाचं नाव घसरतं.
हात हलका लागतो.
तेवीस वर्षं मी टेबल हादरेल असाच शिक्का मारत आलो होतो.
पाच हजार एकाहत्तर ते पाच हजार दोनशे सात.
चार फुटली. फडकं घेतलं तर शमशाद मुजावर म्हणाली,
"फुटल्यालीबी मोजा."
मोजली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: फुटलेले.

संध्याकाळी वरून फोन. फेकून द्या ते सगळं.
साहेब, आवक झालेली वस्तू आहे,
जावक नोंदीशिवाय बाहेर कशी काढू?
आदेश लेखी द्यावा.

लेखी कुणी देईना.
मला भीती वाटली नाही असं नाही.
पण माझी खुर्चीही येत्या मार्चला निरसित आहे,
ते पत्रही मीच आवक केलंय,
त्यावर शिक्का चांगला ठसठशीत उठला होता.

लोखंडी कपाटात, ट्रेवर ट्रे.
नवव्या दिवशी वास सुटला.
त्याच कपाटात अनुकंपाच्या फायली कुजतायत
दोन हजार सहापासून,
त्यांचा कधी कुणाला आला नाही.
हा आला.
आधी शिपाई बाजीराव उदबत्ती लावून गेला.
मग शिक्षण विभागातनं एक बाई रुमाल धरून खाली आल्या,
कपाट बघितलं, पाटी वाचली, काही न बोलता परत गेल्या.
मग अर्थ विभागानं खिडक्या उघडल्या.

बायका फाटकासमोर अजून बसतात. पाळीपाळीनं,
कारण दहाला चुली पेटवायच्या असतात.
मालन येता-जाता खिडकीशी वाकते.
"गेलं का वं वर आमचं?"

निघालंय मावशी, मी सांगतो.
काल जिन्यात होतं.
आज सभागृहाच्या दारापर्यंत पोचलंय.